तोच की तसाच?

भाचीच्या लग्नासाठी घेतलेल्या साडीतला ब्लाऊजपीस नेहमीप्रमाणे अपुरा पडला, म्हणून गेल्या महिन्यात मॅचिंग सेंटरची पायरी चढले. साडी मोरपिशी. काउंटरवरच्या मुलानं पदराचं टोक हातात घेतलं, मागच्या खणांवरून एकदा नजर फिरवली आणि टू बाय टू रुबियाचा एक तागा धप्पकन माझ्या पुढ्यात टाकला. "घ्या ताई, सेम टू सेम." ट्यूबलाइटखाली खरंच फरक दिसेना. मी "मीटरभर द्या" म्हणणार, एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या, ओळखीच्या ना पाळखीच्या एक बाई म्हणाल्या, "अहो, आधी उन्हात नेऊन बघा." मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं तागा काखोटीला मारला आणि आम्ही तिघं दारात आलो. उन्हात साडी निळ्याकडे झुकली आणि रुबिया हिरव्याकडे. आत आलो तर पुन्हा दोन्ही एक!

रंगशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. दोन कापडं वेगवेगळ्या रसायनांनी रंगवलेली असतात, त्यामुळे प्रकाशातल्या कुठल्या लहरी किती परतवायच्या हे प्रत्येकाचं निराळं असतं. एका दिव्याखाली डोळ्याला त्यांची गोळाबेरीज सारखी लागते, दिवा बदलला की हिशेब फिसकटतो. त्या मुलाला हा शब्द ठाऊक असायचं काही कारण नाही, पण दाराशी न्यायचं असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ब्लाऊज शेवटी सोनेरी, कॉन्ट्रास्ट शिवला. पण घरी येईस्तोवर डोक्यात 'सेम'च घोळत होता. तीस वर्षं मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करून पोट भरते आहे. खरेदीखतं, औषधांची माहितीपत्रकं, मिक्सरबरोबर येणाऱ्या आणि कुणी न वाचणाऱ्या पुस्तिका. अवघड शब्द आला की आपण सावध होतो, कोश उघडतो, दोघांना विचारतो. 'सेम'पाशी कुणी थांबत नाही. इयत्ता पहिलीतला शब्द, त्याला काय विचारायचं?

एकदा माझी त्यापायी चांगलीच फजिती व्हायची होती. एका औषधाच्या पत्रकात रुग्णाला सूचना होती. दोन गोळ्या, एक सकाळची आणि एक रात्रीची, आणि त्या रोज 'अ‍ॅट द सेम टाइम' घ्यायच्या. मी लिहून मोकळी झाले: 'गोळ्या रोज एकाच वेळी घ्याव्यात.' वाक्य मराठी होतं, शुद्ध होतं, आणि त्याचा अर्थ दोन्ही गोळ्या मिळून तोंडात टाका असा होत होता. छपाईला जायच्या आधी मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी फोन केला. रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं होतं?" मला 'रोज ठरलेल्या वेळी' म्हणायचं होतं. म्हणजे कालची सकाळची वेळ तीच आजची, आणि कालची रात्रीची तीच आजची. इंग्रजीत दोन्ही गोष्टींना 'सेम टाइम'च म्हणतात. त्या दिवसापासून हा शब्द दिसला की मी हातातली पेन्सिल खाली ठेवते.

अडचण अशी की 'सेम' या एका शब्दाच्या पोटात दोन अर्थ सुखानं नांदतात. कुणी इंग्रजीत म्हणालं की मी आणि माझा शेजारी 'सेम' गाडी चालवतो, तर दोघांत मिळून एक गाडी आहे की दोघांच्या दारात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या उभ्या आहेत, ते कळत नाही. मराठीत मात्र बोलतानाच निवड करावी लागते: 'आमची दोघांची गाडी एकच' किंवा 'आमच्या गाड्या सारख्याच'. एक तोच, दुसरा तसाच. आपल्याला हा भेद इतका अंगवळणी पडलेला असतो की तो भेद आहे हेही लक्षात येत नाही.

मला तो प्रथम नीट दिसला तो जर्मन शिकताना. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात मी दोन वर्षं जात होते. तिथे बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'दासेल्बे' आणि 'दास ग्लाइशे'. पहिला 'तेच'साठी, दुसरा 'तसंच'साठी. वर्गातले आम्ही सगळे मराठी पोरंपोरी एका दमात समजलो. खुद्द जर्मन माणसं मात्र बोलताना या दोहोंची सर्रास गल्लत करतात आणि त्यावरून त्यांच्याकडे लहान मुलांना टोकलं जातं, असं बाई हसत सांगायच्या.

ज्या भाचीचं लग्न, ती हिंजवडीत प्रोग्रॅमिंग करते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मावशी, हे तर आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात." जावा नावाच्या संगणकभाषेत दोन वस्तूंच्या मध्ये 'बरोबर'ची चिन्हं दोनदा टाकली, तर संगणक पाहतो की ही स्मृतीतली एकच वस्तू आहे का. आणि 'इक्वल्स' वापरलं तर दोहोंच्या आतला ऐवज सारखा आहे का, एवढंच पाहतो. नवशिके मजकुराच्या दोन तुकड्यांची तुलना करताना पहिलं चिन्ह वापरतात, अक्षर न् अक्षर जुळत असूनही संगणक 'नाही' म्हणतो आणि ते रात्रभर डोकं धरून बसतात. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ साली 'बरोबर'चं चिन्ह पुस्तकात आणलं ते दोन समांतर रेषांचं, कारण त्यांच्याहून अधिक सारखं त्याला काही सुचलं नाही. त्या बिचाऱ्याला हे पुढचं रामायण कुठून माहीत असणार!

तसाचपणा ताणत ताणत नेला तर तो तोचपणाला जाऊन भिडतो का, हा प्रश्न लायब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञानं हाती घेतला होता. त्याचं म्हणणं, दोन वस्तू सर्व बाबतींत अगदी तशाच असतील, तर त्या दोन नव्हेतच, ती एकच वस्तू. म्हणून जगात पूर्णपणे सारख्या अशा दोन वस्तू मिळायच्या नाहीत. हेरेनहाउझेनच्या राजबागेत एका सरदाराला हे पटलं नाही. दोन हुबेहूब पानं आत्ता आणून दाखवतो म्हणून तो बागभर हिंडला आणि हात हलवत परत आला. लायब्निट्सनं हा किस्सा १७१६ साली क्लार्क या इंग्रज विद्वानाला पत्रातून कळवला आहे. मला त्यात मॅचिंग सेंटरचं दार दिसतं. पानं उन्हातच बघितली असणार.

तत्त्वज्ञांचं राहू द्या, कोर्टात काय होतं ते पाहू. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मधला दुसरा खंड सांगतो की एखाद्याला 'सेम' गुन्ह्यासाठी एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. इथला 'सेम' म्हणजे निखळ 'तोच'. एकानं सायकल चोरली, शिक्षा भोगली, बाहेर आला आणि दुसरी सायकल चोरली, तर त्याला घटनेची ढाल पुढे करता येत नाही. ही चोरी तशीच आहे, तीच नाही. उलट १९७६ च्या समान वेतन कायद्यात स्त्री-पुरुषांच्या कामाबद्दल बोलताना कायदा लिहिणाऱ्यांनी नुसत्या 'सेम'वर भरवसा ठेवला नाही. त्याला जोडून तशाच स्वरूपाचं काम असंही घातलं. ते घातलं नसतं तर मालक म्हणाला असता, 'बाईचं टेबल वेगळं, तिचं काम वेगळं, मग पगार का सारखा?' भाषांतर करताना पहिल्या ठिकाणी 'तशाच गुन्ह्यासाठी' लिहिलं तर सराईत चोरांची चंगळ, आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं 'तेच काम' लिहिलं तर बायकांचं नुकसान.

इंग्रजांकडे हा शब्द मुळात घरचाही नाही. जुन्या इंग्रजीत 'तोच'साठी 'इल्का' होता. नवव्या शतकात व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला येऊन स्थायिक झाले, शेजारपाजार झाला, सोयरिकी झाल्या, आणि त्यांच्या नॉर्स भाषेतून 'एग', 'विंडो', 'स्काय' आणि चक्क 'दे' हे सर्वनामसुद्धा इंग्रजीत शिरलं. त्याच लोंढ्यात 'सेम' आला. साधारण इ. स. १२०० पासून तो लिखाणात दिसतो, आणि हळूहळू त्यानं इल्काला घराबाहेर काढलं. इल्का 'इल्क' होऊन स्कॉटलंडात तग धरून राहिला. तिथे जमीनदाराचं आणि त्याच्या गावाचं नाव एकच असेल तर 'मॉन्क्रीफ ऑफ दॅट इल्क' असं म्हणत, म्हणजे मॉन्क्रीफ गावचे मॉन्क्रीफ. (आपण 'कर' लावतो आणि मोकळे होतो.) बाकीच्या इंग्रजांना हे कळेना. त्यांनी 'इल्क'चा अर्थ प्रकार, जातकुळी असा घेतला, आणि आज 'त्यातलेच ते' असं नाक मुरडायला तो शब्द वापरतात. 'तोच' म्हणणारा शब्द 'तसला' म्हणू लागला. म्हणजे घसरण इंग्रजांच्याही घरात झालीच.

व्हायकिंगांच्याही मागे गेलं तर 'सेम' आपल्या अंगणात येतो. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ 'एक' अशा अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूकडे नेतात. संस्कृतातले 'सम', 'समान' आणि एकदा या अर्थाचा 'सकृत्' हे त्याचेच. लॅटिनचा 'सिमिलिस', ज्याच्यापासून 'सिमिलर' आला, तोही त्याचाच. ग्रीकांनी आरंभीच्या 'स'चा 'ह' केला, जसा सप्तचा 'हेप्टा', तसं त्यांच्याकडे 'होमोस' झालं आणि त्यातून आपल्या साबुदाणी गोळ्यांच्या होमिओपॅथीतला 'होमिओ' निघाला. तेव्हा मराठीत 'सेम' म्हटल्यानं भाषा बाटते म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पाहुणा चुलतघरचा आहे.

आणि आपला 'सारखा'? तो संस्कृत 'सदृक्ष'वरून प्राकृतातल्या 'सरिक्ख'मार्गे आला. स म्हणजे समान, दृक्ष म्हणजे दिसणारा. सारखा दिसतो तो सारखा. त्यातला 'स' आणि 'सेम'मधला 'स' हे एकाच मुळाचे अंकुर, पण आपल्या शब्दानं 'दिसणं' पोटात घेतलं आणि तिथेच सगळा फरक पडला. 'सारखा' म्हटलं की बघणारा कुणीतरी आलाच, आणि कुठल्या उजेडात बघितलं हा प्रश्नही आला.

हा 'सारखा' काय काय कामं करतो, ते बघितलं की मला त्याचं भारी कौतुक वाटतं. 'तो आईसारखा दिसतो' हे तर झालंच. 'पोर सारखं रडतंय' म्हणजे सतत. 'पदर सारखा कर', 'अंथरूण सारखं कर' म्हणजे नीटनेटकं. 'पाहण्यासारखं' म्हणजे पाहावं असं, 'सांगण्यासारखं काही नाही' म्हणजे सांगावं असं काही घडलेलंच नाही. इंग्रजी 'सेम'नं यातलं एकही काम होत नाही. आपली मुलं इंग्रजीत 'सेम लाइक माय सिस्टर' म्हणतात ना, ती या 'सारखा'चीच पडछाया आहे. इंग्रजीत तिथे 'सेम अ‍ॅज' तरी हवं, नाहीतर नुसता 'लाइक' तरी. आणि 'सेम'च्या आधी बहुतेक वेळा 'द' लागतो तो का, तर 'सेम' म्हणताच आधी माहीत असलेल्या एका ठरावीक गोष्टीकडे बोट जातं. मराठीत ते बोट दाखवायचं काम शेवटचा 'च' करतो. 'तो' आणि 'तोच'. एवढंसं अक्षर, पण साक्षीदाराच्या तोंडून निघालं की माणूस आत जातो.

मराठीत सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. माझी बहीण बावीस वर्षं डोंबिवलीहून 'तीच आठ-बाराची' पकडत होती. रेक रोज वेगळा, मोटरमन वेगळा, कधीकधी तर आठ-बाराची आठ-वीसला यायची. तरी ती 'तीच', कारण वेळापत्रकातली जागा तीच आणि डब्यातल्या मैत्रिणी त्याच. गणपतीचं तर विचारूच नका. मूर्ती दर वर्षी नवी, शाडू नवी, कधी कारागीरही नवा. पण विसर्जनाला आपण ज्याला 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो, तो येतो तेव्हा 'तसाच दुसरा आला' असं कुणी म्हणत नाही. आणि 'तिनंही तीच साडी घेतली' यात मराठीचं पितळ उघडंच पडतं. साडी एक की दोन, हे त्या दोघींचं एकमेकींशी कसं आहे त्यावरून ताडायचं.

कचेरीतला 'द सेम' हे आणखी एक प्रकरण. 'कागद सोबत जोडला आहे, कृपया द सेम तपासून द सेम मिळाल्याचं कळवावं' अशा चालीची इंग्रजी पत्रं आपल्याकडे रोज हजारोंनी जात असतील. हा 'सेम' नाम नाही, विशेषण नाही, नुसता 'ते' आहे, पण टाय लावून आलेला. १६११ च्या किंग जेम्स बायबलातही 'तो' या अर्थी 'द सेम' भेटतो, म्हणजे चाल जुनी आहे. पण फाउलर यांनी १९२६ साली इंग्रजी वापराबद्दलचं आपलं प्रसिद्ध पुस्तक काढलं, तेव्हा या सर्वनामी 'सेम'ला त्यांनी चांगलं झोडपलं होतं. आपल्याकडे त्याचा जुळा भाऊ आहे, 'सदर'. 'सदर अर्जदाराने सदर अर्ज सदर कार्यालयात…' त्याच्याही आधी दस्तांमधून 'मजकूर' असे, वादी मजकूर, मौजे मजकूर. निदान 'मजकूर'मध्ये वर उल्लेखिलेला असा नेमका अर्थ तरी होता. मी खरेदीखताच्या भाषांतरात 'द सेम' आला की 'ती मिळकत', 'ती रक्कम' असं सरळ लिहिते. वकीलसाहेब कधीकधी त्याचं पुन्हा 'सदर' करतात. करोत.

वर्तमानपत्रांतल्या 'त्याच वेळी'बद्दलही माझी तक्रार आहे. 'मंत्र्यांनी योजनेचं कौतुक केलं, त्याच वेळी निधी अपुरा असल्याचंही मान्य केलं.' इथे घड्याळाचा काही संबंध नाही. इंग्रजी 'अ‍ॅट द सेम टाइम'चा तो अर्थ 'पण' एवढाच आहे, आणि आपल्याकडे 'पण' फुकट मिळतो. 'ऑल द सेम'चंही तसंच, 'तरीही' म्हटलं की भागलं. आणि 'सेम ओल्ड स्टोरी'ला शब्दशः उतरवणाऱ्याला मी विचारते, बाबा रे, 'पहिले पाढे पंचावन्न' काय फक्त परीक्षेत वाक्यात उपयोग करा म्हणून ठेवलंय?

पण 'सेम' आता मराठी झालेला आहे, हे मी कधीच मान्य केलं. पाडगावकरांनी 'प्रेम'ला 'सेम'चं यमक जोडलं तेव्हाच त्याला नागरिकत्व मिळालं. शाळेत दोघींच्या रिबिनींचा रंग जुळला की 'सेम पिंच' म्हणत चिमटे काढणाऱ्या आम्ही, दिवाळीच्या शुभेच्छांना 'सेम टू यू' म्हणून वेळ मारून नेणारे आम्ही, आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? या सगळ्या जागी 'सेम' म्हणजे 'तसंच', आणि तिथे तो छान बसतो. 'सेम टू सेम' तर खास आपल्याकडचा, इंग्लंडात कुणी असं म्हणत नाही. जसंच्या तसं, हुबेहूब, यांच्या रांगेत त्यालाही बसू द्या.

मला खटकतं ते अलीकडचं. 'सेम रिक्षावाला काल पण भेटला होता.' 'मी सेम डॉक्टरकडे जाते.' ही वाक्यं मी बसमध्ये, लिफ्टमध्ये, घरात ऐकते. आता 'सेम' 'तोच'च्या जागेवरही येऊन बसला आहे, म्हणजे इंग्रजीतला तो जुना घोळ आपण मराठीत आयता आणून ठेवला. आपल्याकडे दोन खोल्या होत्या, मधली भिंत पाडून आपण एक हॉल करतो आहोत आणि नंतर विचारणार, आता पाहुण्यांना झोपवायचं कुठे.

मागे एका सोसायटीतल्या चोरीनंतर पोलिसांना द्यायचा जबाब तिथल्या एका तरुण मुलानं मला दाखवला, शुद्धलेखन तपासायला. त्यात लिहिलं होतं, 'गेटवर सेम माणूस दिसला.' मी विचारलं, "तोच की तसाच?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शर्ट तसाच होता. चेहरा मी पाहिला नाही."

बोलताना तुम्ही हवं तेवढं 'सेम' म्हणा. पण जबाब, तक्रार, औषधाची चिठ्ठी, घराचा करार असं काही लिहायला बसाल तेव्हा क्षणभर थांबा आणि दोहोंपैकी एक शब्द लिहा.